कुन्नूरच्या शोलात सौ.ला दिसला, मला नाही! काळा-नारिंगी माशीमार नक्की बघायचा कसा?

पंचगंगाकाठ

मंडळी, नमस्कार.

निवृत्त झाल्यापासून पक्षी बघतो, सहा वर्षं झाली. रोज सकाळी रंकाळा नाहीतर कळंबा, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. वहीत आजवर १८७ नावं चढली आहेत. सौ. बरोबर असते, पण ती चालायला येते. दुर्बीण देऊ केली की म्हणते, "तुमचं लोढणं तुमच्याच गळ्यात राहू द्या."

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरात, वेलिंग्टनला गेलो होतो. जावई फौजेत आहेत. कुन्नूर तिथून हाकेच्या अंतरावर. जायच्या आधी महिनाभर मी यादी करत बसलो होतो आणि यादीत पहिलं नाव काळा-नारिंगी माशीमार. चार दिवस पहाटे उठून गावाबाहेरच्या शोलात गेलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, शोला म्हणजे डोंगराच्या घळीतलं दाट, बुटकं, शेवाळलेलं रान. ढग आत शिरला की पुढच्या माणसाची फक्त काठी वाजते, माणूस दिसत नाही. लाफिंग थ्रश दिसले, किंबहुना त्यांनीच आम्हाला बघून दंगा घातला. निलगिरी माशीमार दोनदा दिसला, आपल्याकडच्या नीलिमा माशीमारासारखाच निळा, पण छातीवर नारिंगी नाही. शोलाकिळी या पक्ष्याची शीळ ऐकली. ज्याच्यासाठी गेलो तो मात्र नाही.

शेवटच्या दिवशी परत फिरताना सौ.च्या बुटात खडा गेला. ती वाटेकडेच्या एका दगडावर बसली. मी चाळीस-पन्नास पावलं पुढे, मान वर करून फांद्या धुंडाळत. पाच मिनिटांनी मागे आलो तर ही सांगते, "आत्ता इथं एक बारकं पाखरू बसलं होतं. काळ्या डोक्याचं. गेलं बघा."

मी खोदून खोदून विचारलं. डोकं काळं, पंख काळे. बाकी अंग? "तांबड्या रश्श्यावर कट येतो ना, तसलं." पाठसुद्धा? "पाठसुद्धा, शेपूटसुद्धा." कुठे बसलं होतं? तिने आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवला, एवढ्या उंचीच्या काडीवर. खाली उतरलं, पाचोळ्यातलं काहीतरी उचललं, परत त्याच काडीवर. असं तीन वेळा. मग मला हाक का नाही मारलीस? "मारली की. दोनदा. तुम्ही वर बघत होता."

आता साताऱ्याचा मेहुणा म्हणतो तो थिरथिरा असणार, आमच्या गच्चीवर येतो. मला तसं वाटत नाही, पण मी कुठे बघितलाय! जाणकारांनी सांगावं. आणि दुसरं म्हणजे, पुन्हा जायचं ठरवलं तर कधी जावं आणि काय केलं तर दिसेल? हाच पक्षी महाबळेश्वर-आंबोलीला मिळत असेल तर एवढ्या लांब जायचा खटाटोप वाचेल, तेही सांगा.

गच्चीवरचा दयाळ

काका, थिरथिरा नाही, शंभर टक्के. एक तर महिना चुकतोय. थिरथिरा हिवाळी पाहुणा. मे महिन्यात तो लडाख-तिबेटकडे संसारात असतो, मेहुण्यांच्या गच्चीवरही नसणार आणि कुन्नूरलाही नाही. दुसरं, थिरथिऱ्याच्या नराची पाठ काळपट असते, नारिंगी पोट आणि शेपटीपुरतं. काकूंनी "पाठसुद्धा" सांगितलं तिथेच निकाल लागला. तिसरं, थिरथिरा बसला की शेपटी सारखी थरथरवतो, नावच त्यावरून. काकूंना विचारा, शेपूट हलत होती का?

काकूंचं निरीक्षण तुमच्या वहीत घालता येणार नाही याबद्दल सहानुभूती.

पंचगंगाकाठ

विचारलं. "शेपूट कशाला हलवतंय, गप बसलं होतं शहाण्यासारखं." सहानुभूती पोचली.

कुन्नूरकरीण

काका, मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इकडे आले त्याला १९ वर्षं झाली, नवरा चहाच्या कारखान्यात आहे. तुमचा धागा वाचून मी एकटीच हसत बसले, कारण माझंही अगदी असंच झालं होतं, फक्त मी तुमच्या नव्हे, काकूंच्या जागी होते.

आमच्या घरामागे चहाचा उतार आहे आणि उतार संपतो तिथे घळीत शोलाचा एक तुकडा उरलाय, फार तर दोन एकर. पहिली चार वर्षं मी त्या घळीतून रोज संध्याकाळी एक बारीक, धातूसारखा आवाज ऐकत होते. ची-रिर्र, ची-रिर्र. मला वाटायचं रातकिडा. शेजारी एक बडगा (इथला निलगिरीचाच समाज) आजी राहायच्या, त्यांचा चहाचा लहानसा तुकडा होता. एकदा त्यांच्याबरोबर सरपणाच्या ढिगावर बसले होते, त्यांना दम लागला म्हणून. मी म्हटलं, हा किडा दिवसासुद्धा ओरडतो. त्यांनी काही न बोलता हनुवटीने खाली दाखवलं. ढिगाखालच्याच एका काटकीवर हा बसलेला. रातकिडा कसला, लिंबाएवढा पक्षी! चार वर्षं मी त्याच्यावरून धुणं वाळत घालत होते.

तर काकूंनी बघितला तो नरच. मादीचं डोकं-पंख काळेभोर नसतात, मळकट तपकिरी असतात आणि डोळ्याभोवती फिकट कडं. बाकी अंग तसंच कटाच्या रंगाचं (ही उपमा मी आता कायमची उचलली).

तुम्हाला का दिसला नाही, तर तुम्ही वर बघत होतात. माशीमार म्हटलं की आपल्या डोक्यात ठरलेलं असतं की उघड्या फांदीवर बसणार, हवेत झेप घेऊन माशी पकडणार आणि परत येणार. निलगिरी माशीमार तसा वागतो, म्हणून तो तुम्हाला दोनदा दिसला. हा नावाचा माशीमार, पण अंगात खोडी जमिनीवरच्या दयाळ-चिरकाची. सगळा कारभार कमरेच्या खाली. अंधाऱ्या गचपणात, नेच्यांच्या आणि वेलांच्या जाळीत बसायचं, खाली पाचोळ्यात काही हललं की टपकन उतरायचं, उचलायचं, परत जागेवर. उंच झाडावर याला मी १९ वर्षांत बघितलेला नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही चालत होतात. हा पक्षी चालणाऱ्याचा नाही. जोडीने आपली जागा धरून असतो, बारा महिने तीच. आमच्या घळीतली जोडी धुण्याच्या दोरीपासून तुटक्या पाइपापर्यंत, बस्स, तेवढंच तिचं राज्य. तुम्ही वाटेने भराभर गेलात की पाच-सहा राज्यांच्या सीमा ओलांडता आणि प्रत्येक ठिकाणी तो आधी दडी मारतो. काकू एका राज्यात पाच मिनिटं गप्प बसल्या. त्याला वाटलं असेल, नवीन दगड आलाय.

तेव्हा उपाय एकच. सकाळी उजाडल्यावर किंवा धुकं उतरायच्या वेळी शोलाच्या कडेला जागा बघा, जिथे खाली मोकळा ओला पाचोळा आणि वर जाळी आहे. बसा. फोन खिशात. बारीक "झिट-झिट" आलं तर समजा त्याने तुम्हाला बघितलंय आणि तो रागावलाय, मग अजिबात हलू नका. पंधरा-वीस मिनिटांत राग जातो. नजर गुडघ्याच्या उंचीवर. दुर्बीण बहुतेक लागतच नाही, एवढ्या जवळचं काही दुर्बिणी दाखवतसुद्धा नाहीत.

जागा म्हणाल तर कोटगिरीजवळचा लाँगवुड शोला बघा, वनखात्याची परवानगी काढून. ११६ हेक्टरांचं रान आहे, आणि गंमत म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये ते रामसर यादीत गेलं. पाणथळीच्या यादीत जंगल! आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटलं नाही. खालच्या गावांना पाणी तिथूनच येतं. शोलाची माती पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळाभर थेंबथेंब सोडते, हे बडगा आजी मला रामसर शब्द ऐकायच्या कितीतरी आधी सांगायच्या.

घाटमाथा

वनस्पतीशास्त्र शिकवतो, पक्ष्यांतलं बेताचंच कळतं, पण महाबळेश्वरचा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे.

नाही मिळणार, काका. नकाशावर सह्याद्री एकच रेघ दिसते म्हणून आपण फसतो. महाबळेश्वरला पाऊस प्रचंड, पण सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबरनंतर मे अखेरपर्यंत रान कोरडं पडत जातं. निलगिरीला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि परतीचा ईशान्येकडचाही, शिवाय मधल्या काळात धुकं. झाडांच्या शेवाळ्याला, दगडफुलांना, नेच्यांना ते धुकंच पाजतं. वर उंचीचा फरक. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. कुन्नूर गावच साडेअठराशेच्या आसपास, उटी सव्वाबावीसशे आणि दोडाबेट्टा २६३७. म्हणजे आपलं शिखर त्यांच्या बाजारपेठेच्या खाली राहतं. हा माशीमार मुख्यतः दीड हजार मीटरच्या वरचा रहिवासी, थोडा खालीही उतरतो, पण त्याला हवं ते ओलं गचपण खाली फारसं नाही.

शोला शब्द तमिळ सोलैवरून आलेला, राई या अर्थाचा. डोंगराच्या माथ्यावर गवत आणि घळीत ही राई, असं ते जोडचित्र असतं. माथ्यावर थंडीत दहिवर गोठतं, झाडाची रोपं करपतात, म्हणून झाडं घळीला चिकटून राहतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे मुळातच हे रान तुकड्यातुकड्यांत. त्यात इंग्रजांच्या काळापासून चहा, निलगिरी (झाड हो, आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते ऑस्ट्रेलियाचं आहे आणि नाव मात्र या डोंगराचं लावून बसलंय) आणि वॅटल (बाहेरून आणलेली, बाभळीच्या जातकुळीतली झाडं) यांनी गवत आणि शोला दोन्ही खाल्लं.

आता पक्षी उडून दुसऱ्या डोंगरावर का जात नाही, असं माझे विद्यार्थी विचारतात. जे कमरेच्या वर उडायला राजी नाही ते ऊन तापलेली सखल पट्टी ओलांडून जाणार कसं? निलगिरी आणि दक्षिणेकडच्या अन्नामलै-पळणी डोंगरांच्या मध्ये पालघाटची खिंड आहे, तीसेक किलोमीटर रुंद. या खिंडीच्या दोन बाजूंच्या शोलातल्या पक्ष्यांचे डीएनए तपासले तेव्हा बऱ्याच जातींची घराणी वेगळी झालेली सापडली. ज्या शोलाकिळीची शीळ काकांनी ऐकली ती उत्तरेची, निलगिरीची. खिंडीच्या दक्षिणेला वेगळी जात आहे, पांढऱ्या पोटाची. २०१७ मध्ये या दोघींसाठी शोलिकोला ही स्वतंत्र प्रजातीच (जीनस, म्हणजे जातींच्या वरची पायरी) केली गेली. किळी म्हणजे मलयाळममध्ये पक्षी. आपला काळा-नारिंगी माशीमार खिंडीच्या दोन्ही बाजूंना आहे, निलगिरीत आहे, पळणीत आहे, मुन्नारच्या डोंगरात आहे, पण त्याचे हे सगळे डोंगर एकमेकांपासून बेटांसारखे सुटे आहेत.

एक ओळखीची गोष्ट मात्र तुम्हाला तिथे भेटली असेल. शोलाच्या तळाशी जी झुडपं माजलेली असतात त्यांत कारवीची भावंडं असतात, स्ट्रोबिलँथस. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तिथली माथ्यावरच्या गवतातली नीलकुरिंजी बारा वर्षांनी. ती २०१८ ला फुलली होती, आता २०३० ला.

गच्चीवरचा दयाळ

सरांच्या प्रतिसादात थोडी भर. या पक्ष्याचं वर्णन १८३९ मध्ये जर्डन नावाच्या डॉक्टरने केलं, मद्रासच्या फौजेतला शल्यवैद्य. हा म्हणजे माशीमारांत काळा-नारिंगी, बसणं-उठणं चिरकासारखं, त्यामुळे कुणाच्या पंक्तीत बसवावा कळेना. बरीच वर्षं ओक्रोमेला म्हणून त्याचं एकट्याचं वेगळं घर होतं. मग जनुकं तपासल्यावर त्याला इतर माशीमारांच्या फिसेड्युला या प्रजातीत घातलं, शास्त्रीय नाव फिसेड्युला नायग्रोरूफा.

काका, आणि फिसेड्युलातला एक जण तुमच्या वहीत नक्की असणार. हिवाळ्यात बागेत तो लहानसा, गळ्यावर नारिंगी डाग असलेला माशीमार येतो ना, शेपटी वर उडवत "टिर्रर्र" करणारा? तो याचा चुलतभाऊ. तो युरोपाच्या पूर्व टोकाकडून उडत रंकाळ्याला येतो आणि हा धुण्याच्या दोरीपलीकडे जात नाही.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळ्याचा तो वहीत आहे, क्रमांक ४१. मेहुण्याला धागा पाठवलाय, त्याने अंगठा पाठवला, म्हणजे मान्य.

कुन्नूरकरीण ताई, तुम्ही लिहिलंत ते सौ.ला वाचून दाखवलं. "नवीन दगड" ऐकून जरा गप्प झाली, मग हसली.

अजून एक विचारायचं राहिलं. पुतण्या म्हणतो, काका कशाला एवढं बसत बसता, मोबाइलवर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावा, दोन मिनिटांत पुढ्यात येतो. त्याने काळ्या बाजाचा हिमालयात असा फोटो काढलाय म्हणे. हे करावं का? त्याचा कॅमेराही मिळण्यासारखा आहे. आणि डिसेंबरात यावं की मार्चमध्ये?

कुन्नूरकरीण

नका हो करू काका. तो येतो हे खरं आहे. येतो, कारण त्याला वाटतं घरात दुसरा नर घुसलाय. ज्याचं राज्यच धुण्याच्या दोरीएवढं, त्याच्यासाठी ही लहान बाब नाही. खायचं सोडून तो ओरडत फिरत राहतो. सकाळी दहा मंडळी आली आणि दहांनी आवाज लावला तर त्याने दिवसभर करायचं काय?

थोडं कडू लिहिते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या घळीच्या तोंडाशी यांचं घरटं झालं होतं. मला ते आधी घरटं वाटलंच नाही. झुडपात, मांडीएवढ्या उंचीवर, वाळक्या पात्यांचा आणि नेच्याच्या पानांचा एक ओबडधोबड गोळा अडकलेला. वाटलं, वाऱ्याने आणलेला कचरा. मी हात घालणार एवढ्यात बाजूच्या भोकातून मादी बाहेर आली. नंतर ती लांब गेल्यावर एकदाच वाकून बघितलं, दोन अंडी, करड्या रंगाची. यांची दोनच असतात बहुधा. त्यानंतर मी धुणं पुढच्या अंगणात वाळत घालायला लागले.

मी चूक केली ती अशी की एका ओळखीच्या माणसाला उत्साहाने सांगितलं. रविवारी एक गाडी आली, पाच जण, हातभर लांबीच्या लेन्सा. मी कारखान्याकडे डबा द्यायला गेले होते. परत आले तर घरट्यासमोरचे नेचे कापलेले. फोटोत पान आडवं येतं म्हणून. वरून हसतमुख, ताई खूप सहकार्य केलंत. घरटं दोन दिवस तसंच राहिलं, उघडं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर फाटलेलं. कुणी खाल्लं मला माहीत नाही, साप असेल, खार असेल, पण त्याला वाट कुणी करून दिली ते माहीत आहे. मंडळींची नावं मी लिहीत नाही. तो फोटो मी नंतर बघितला. फार सुंदर आलाय, तेच जास्त लागलं.

जोडी गेली नाही, पुढच्या वर्षी पाइपाच्या बाजूला घरटं केलं. तेव्हापासून मी गप्प आहे.

तेव्हा कॅमेरा आणा, पण घरट्याच्या दिवसांत नको. मार्च ते मे यांचा संसार. तुम्ही मेमध्ये आला होतात तेव्हा काकूंच्या दगडाच्या आसपासच कुठेतरी घरटं असण्याची शक्यता बरीच, म्हणून तो एवढा जवळ घुटमळत असेल. डिसेंबरात ईशान्येचा पाऊस कधी कधी रेंगाळतो, वाटा निसरड्या असतात आणि जळवा असतात. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. थंडी मरणाची, पण आकाश उघडं आणि उटी-कुन्नूरला मेएवढी झुंबड नसते. पक्षी कुठे जात नाही, तो आहे तिथेच आहे.

घाटमाथा

ताई, ते नेचे परत आले का?

कुन्नूरकरीण

आले सर. पहिल्याच पावसाळ्यात. नेच्यांना काय, कापलं तरी मुळाशी असतातच. मी मध्ये दोन काटेरी झुडपं लावलीत, तेवढी ती अजून धरली नाहीत.

पंचगंगाकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. पुतण्याला नाही म्हणून सांगितलं, कॅमेऱ्यालाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा पक्का करतोय, लेकीला फोन झाला. यावेळी सौ. पुढे आणि मी मागे असं ठरलंय, तिची अट आहे. आणि मी दुर्बीण घरी ठेवावी अशी दुसरी, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

गाडीने यायचा विचार आहे, बेंगळुरू-म्हैसूर-गुडलूर मार्गे. काही विशेष बघावं लागतं का?

कुन्नूरकरीण

ई-पास काढा. मे २०२४ पासून निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना लागतो, मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश आहे. मोबाइलवर निघतो, पण निघायच्या आदल्या रात्री नका करत बसू. म्हैसूरकडून येणार असाल तर वाटेत बंदीपूर-मुदुमलै लागतं, तो रस्ता रात्री बंद असतो, तेव्हा दिवसाउजेडी पार करा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या जिल्ह्यात चालत नाहीत, नाक्यावर काढून घेतात, म्हणून स्टीलची आणा. गव्यांचं लक्षात ठेवा. पहाटे चहाच्या मळ्यात गवा उभा असेल तर तो बाजूला होईल अशी वाट बघायची, आपण होऊन जवळून जायचं नाही. आमच्या दारात येऊन कोबी खाऊन जातो, तरी आम्हीही आत थांबतो.

आणि बसायला घडीचं स्टूल आणा काका, दोन. फेब्रुवारीत दगड इतके गार असतात की पाच मिनिटांच्या वर काकूसुद्धा बसणार नाहीत. कोटगिरीला जाल त्या दिवशी सकाळी आमच्याकडे चहाला या. मागच्या दाराने घळ दिसते. मी तिथे काही दाखवणार नाही, पण खिडकीपाशी बसलं तर मनाई नाही.